मेलबद्दल शंका आली, तर काय करायचं?

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. "अगं, माझा मेलबॉक्स भरलाय म्हणे. बाराच्या आत पासवर्ड टाकला नाही तर सगळे मेल पुसले जाणार. मी टाकला, पण पुढचं पान उघडतच नाहीये. तीनदा टाकून बघितला." पुढचं पान उघडणार नव्हतंच, कारण ते कुणी बनवलेलंच नव्हतं. पासवर्ड पहिल्याच खेपेला परक्या माणसाच्या हाती गेला होता. त्या रात्री पाऊण तास फोनवर बसून आम्ही तिचं खातं वाचवलं. ते कसं, हे पुढे क्रमानं लिहिलंय. पण मनात रुतून बसलं ते तिचं एक वाक्य: "दोनदा नीट वाचला गं. अगदी खरा वाटला."

वाटणारच. कार्यालयात कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि "हा मेल खरा आहे का, बघ ना" हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार वेळा तरी येतो. पूर्वी मी पटकन सांगायचे, स्पेलिंग बघ, व्याकरण बघ, लोगो बघ. आता तसं सांगत नाही. मजकूर लिहून देणारी साधनं सगळ्यांच्याच हाती आली आहेत. फसवणारेही आता नम्र, बिनचूक मेल लिहितात, तेही हव्या त्या भाषेत. लोगो तर खऱ्या साइटवरूनच उचललेला असतो. म्हणून मेलच्या रूपावरून निकाल द्यायला जाऊ नका. मेल खरा असो की खोटा, त्यानं दाखवलेल्या वाटेनं जायचं नाही. आपल्या आधीपासून ओळखीच्या वाटेनं जाऊन बघायचं. ही एक सवय लागली की बाकीच्या पायऱ्या सोप्या होतात.

आधी हात थांबवा

शंका आली त्या क्षणी काय करायचं नाही, ते आधी सांगते. लिंकवर क्लिक नको, अटॅचमेंट उघडायची नाही, उत्तर पाठवायचं नाही, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, क्यूआर कोड स्कॅन करायचा नाही. आणि "असे मेल नको असतील तर इथे क्लिक करा" हेही दाबायचं नाही. ती लिंकच आहे, आणि तिच्यामुळे हा पत्ता चालू आहे, त्यामागे माणूस बसलाय, एवढं तरी समोरच्याला नक्की कळतं.

मेल उघडून वाचला गेला असेल तर घाबरू नका. फोन आणि ॲप अपडेट केलेले असतील तर नुसतं वाचल्यानं सहसा काही बिघडत नाही. फार तर मेलमधलं चित्र लोड झाल्यामुळे मेल उघडला गेल्याची खबर पाठवणाऱ्याला लागते. खरं नुकसान पुढच्या कृतीनं होतं, म्हणून हात तिथे थांबायला हवा.

मग मेल नेमकं काय मागतोय, ते एका वाक्यात स्वतःला सांगा, शक्यतो मोठ्यानं. "हा मेल म्हणतोय की मी बाराच्या आत पासवर्ड टाकावा." "हा मेल म्हणतोय की साहेबांसाठी मी गिफ्ट कार्ड घ्यावीत आणि कुणाला सांगू नये." सजावट गळून पडली की मागणी उघडी दिसते. बहुतेक फसव्या मेलची मागणी ठरलेली असते: पासवर्ड किंवा कोड द्या, पैसे पाठवा, फाइल उघडा, परवानगी द्या, नाहीतर या नंबरवर फोन करा. सोबत घाई असते, आणि बऱ्याचदा गुप्ततेची विनंतीही. घाई करणारा प्रत्येक मेल खोटा नसतो, पण बिल भरायची तारीख खरोखर जवळ आली असली, तरी खात्री करायला लागणाऱ्या दहा मिनिटांत काही बुडत नाही.

पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता

ईमेल पोचवण्याची जी पद्धत आजही जगभर चालते, तिचा आराखडा १९८२ सालचा. तेव्हा हे जाळं वापरणारी माणसं मोजकी होती. पाठवणारा तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात ठेवलीच नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच हे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तपासण्या आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. त्यामुळे दुसऱ्याचा पत्ता जसाच्या तसा वापरणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

फसवणारे मग त्याच्या शेजारून वाट काढतात. मेलमध्ये दोन गोष्टी असतात: दिसणारं नाव आणि खरा पत्ता. दिसणारं नाव पाठवणारा स्वतःच लिहितो, तिथे काहीही लिहिता येतं. फोनवर बऱ्याच ॲपमध्ये नुसतं नावच दिसतं, म्हणून नावावर टॅप करून पूर्ण पत्ता उघडायची सवय लावा. बँकेचं नाव आणि मागे कुठलातरी फुकटचा मेल पत्ता असेल तर तिथेच विषय संपला.

पत्ता नीट वाचायला मात्र डोळे ताणावे लागतात. इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही अक्षरं लहान लिपीत शेजारी ठेवली की 'एम' वाटतात. 'एल'च्या जागी १, 'ओ'च्या जागी ० बसवलेला असतो. रशियन लिपीतला 'अ' तर इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, डोळ्यांना फरक कळतच नाही.

कॉम्प्युटरवर जीमेल वापरत असाल तर मेलच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे वर त्या तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. 'फेल' दिसलं तर सावध व्हा. 'पास' दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. ज्या डोमेनचं, म्हणजे पत्त्यात 'ॲट'च्या खुणेनंतर येणारं, नाव लिहिलंय तिथूनच मेल आलाय, एवढंच त्यातून कळतं. फसवणाऱ्यानं स्वतः विकत घेतलेलं डोमेनही रीतसर पास होतं. आणि तुमच्या मैत्रिणीचं खातंच कुणी ताब्यात घेतलं असेल, तर पत्ता खरा, तपासणी पास, जुन्या संभाषणाचा धागाही खरा, फक्त लिहिणारा वेगळा. पत्ता तपासून खोटेपणा उघडा पडू शकतो, खरेपणा सिद्ध होत नाही.

लिंक वाचायची रीत

कॉम्प्युटरवर माउसचा बाण लिंकवर नुसता न्या, क्लिक न करता. खऱ्या पत्त्याची ओळ कोपऱ्यात दिसते. फोनवर लिंकवर बोट दाबून धरा, पत्ता वर येतो. बोट धड ठरत नसेल, चुकून उघडेल अशी भीती वाटत असेल, तर हे करूच नका. पुढची पायरी त्याहून भरवशाची आहे.

समजा पत्ता असा आहे: 'माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट', मग तिरकी रेघ आणि पुढे 'लॉगिन'. आपण डावीकडून वाचायला लागतो, 'माझीबँक डॉट कॉम' दिसतं आणि मन निवांत होतं. वाचायचं उलटं. सुरुवातीला लागोपाठ दोन तिरक्या रेघा असल्या तर त्या सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. रेघेच्या लगत डावीकडचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. इथे मालक आहे 'खातेतपासणी डॉट नेट'. त्याच्या आधी लावलेलं 'माझीबँक डॉट कॉम' ही त्यानं आपल्या दारावर टांगलेली पाटी आहे, ती कुणालाही टांगता येते. काही देशांच्या पत्त्यांत शेवटी दोन तुकडे जोडून येतात, जसं 'सीओ डॉट यूके'. तिथे मालकाचं नाव आणखी एक तुकडा डावीकडे असतं.

पत्त्यात 'ॲट'ची खूण, म्हणजे ईमेल पत्त्यात असते ती, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी आली, तर तिच्या डावीकडचं सगळं ब्राउझरसाठी बिनकामाचं असतं. खरी जागा उजवीकडची. लहान केलेल्या लिंकमध्ये तर काहीच दिसत नाही.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुमचा आणि त्या साइटचा संवाद मध्ये कुणी वाचत नाहीये, एवढंच ते कुलूप सांगतं. साइट कुणाची आहे, हे त्यातून कळत नाही, आणि फसव्या साइटनाही ते सहज मिळतं. लोकांचा हा गैरसमज लक्षात आल्यावर गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

आपल्या वाटेनं जाऊन खात्री करा

इतकं तपासूनही ठरवता येत नाही, असं बरेचदा होतं. मलाही होतं. तेव्हा मी मेल बंद करते, ब्राउझर उघडते आणि साइटचा पत्ता हातानं टाइप करते, किंवा आधी जतन केलेला बुकमार्क वापरते, किंवा त्या संस्थेचं ॲप उघडते. खात्यात खरोखर काही अडचण असेल तर ती तिथे दिसते. सर्च करून येणाऱ्या पहिल्या निकालावर डोळे मिटून जाऊ नका, वरच्या जाहिरातींतही बनावट साइट घुसवल्या जातात.

या एका पायरीचं मोल किती, ते २०१६ सालच्या एका मेलवरून कळतं. १९ मार्चला हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावानं मेल आला की तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय, ताबडतोब बदला. खाली बटण होतं. कार्यालयातल्यांनी शहाणपणानं तो आधी तांत्रिक मदतीच्या माणसाला दाखवला. त्यानं उत्तरात मेल खरा असल्याचं लिहिलं. आपल्याला 'खोटा' लिहायचं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. पण त्याच उत्तरात त्यानं पासवर्ड बदलायची गूगलची खरी लिंकही दिली होती. ती लिंक वापरली असती तर त्याच्या चुकीच्या शब्दानं काहीही बिघडलं नसतं. दाबलं गेलं मेलमधलं बटण, आणि त्या खात्यातले हजारो मेल पुढे जगजाहीर झाले. तज्ज्ञाचं मतही चुकू शकतं. आपल्या वाटेनं जाणाऱ्याचं त्यानं नुकसान होत नाही, म्हणून मी या पायरीवर इतकी अडून बसते.

पैशाचा मामला असेल तर खात्री फोनवरच करा, आणि नंबर जुन्या बिलावरचा, करारावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या. "आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे पाठवा" असा मेल कितीही ओळखीच्या पुरवठादाराकडून आला, तरी फोन केल्याशिवाय एक पैसाही हलवायचा नाही. २०१३ ते २०१५ या काळात इव्हाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियातल्या माणसानं तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावानं खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. ज्यांचं रोजचं कामच संगणकाचं, त्यांच्या हिशेब विभागांतून ही रक्कम गेली. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. "एवढं कसं कळलं नाही" असं आपल्या माणसाला म्हणण्याआधी हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

साहेबांच्या नावानं मेल आला तरी हेच. उठून त्यांच्याकडे जा, नाहीतर नेहमीच्या नंबरवर विचारा. माझ्या अनुभवात खात्री करून घेतली म्हणून कुणी रागावलेलं नाही.

फाइल आणि परवानगी

न मागितलेली फाइल उघडायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. झिप, एचटीएमएल, आयएसओ अशा फाइलींबाबत जास्त सावध राहा, आणि वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलनं 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगितलं तर तिथूनच परत फिरा. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस प्रेमपत्राच्या साध्या मजकूर-फाइलीसारखा दिसायचा. नावाच्या शेवटी आणखी एक, प्रोग्रामचं शेपूट (टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) होतं आणि विंडोज ते लपवत असे. आजही फाइलच्या नावात दोन शेपटं दिसली तर ती उघडू नका.

परवानगीचा सापळा कमी लोकांना ठाऊक आहे. ३ मे २०१७ ला अनेकांना ओळखीच्या माणसाकडून 'गूगल डॉक' बघायचं आमंत्रण आलं. क्लिक केल्यावर गूगलचंच खरं पान उघडत होतं. 'गूगल डॉक्स' असं नाव घेतलेलं एक परकं ॲप तिथे मेल आणि संपर्क वापरायची परवानगी मागत होतं. पासवर्ड कुणी मागितलाच नाही. 'अलाउ' दाबलं की पुढचे मेल तुमच्या नावानं तुमच्या ओळखीच्यांना. म्हणून कुठलंही ॲप तुमचे मेल वाचायची परवानगी मागत असेल, तर ते तुम्ही स्वतः सुरू केलेलं काम आहे का, हे आधी पाहा.

धमकीचा मेल आला तर

यावर थोडं थांबते, कारण असा मेल आलेली माणसं मदत मागायलाही लाजतात. मेलमध्ये तुमचा खराखुरा जुना पासवर्ड लिहिलेला असतो. मग म्हटलेलं असतं की तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं खासगी चित्रण केलंय, बिटकॉइननं पैसे द्या, नाहीतर ते सगळ्यांना पाठवू.

पासवर्ड खरा असल्यामुळे पोटात गोळा येतो. पण तो बहुधा तुमच्या कॉम्प्युटरमधून आलेला नसतो. पूर्वी कधीतरी एखाद्या साइटची माहिती चोरीला गेली, त्या यादीतून तो आलेला असतो, आणि हाच मजकूर हजारो जणांना गेलेला असतो. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर लगेच बदला. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर आपला ईमेल पत्ता टाकला की तो कोणकोणत्या चोऱ्यांत सापडलाय ते दिसतं. मेलमध्ये तुमचं खरं चित्र जोडलेलं असेल, किंवा धमकावणारा प्रत्यक्ष ओळखीचा असेल, तर मात्र हा वेगळा आणि गंभीर प्रकार आहे. सगळं जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा. घरातल्या मुलामुलींना आजच सांगून ठेवा की असं काही आलं तर आम्ही रागावणार नाही, आधी आमच्याकडे या.

खोटा आहे हे पक्कं झालं की

नुसता डिलीट करू नका, आधी तक्रार करा. जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली 'रिपोर्ट फिशिंग', आउटलुकमध्ये 'रिपोर्ट'. त्यानं त्यांची चाळणी सुधारते आणि पुढचा कुणीतरी वाचतो. मेल कार्यालयाच्या पत्त्यावर आला असेल तर तांत्रिक विभागाला कळवा. तो तुम्हालाच आलाय असं सहसा नसतं, शेजारच्या टेबलावरही पोचलेला असतो. इतरांना सावध करायला तो मेल जसाच्या तसा फॉरवर्ड करू नका, लिंकही सोबत जाते. स्क्रीनशॉट पाठवा.

क्लिक झालंच असेल तर

आता मावशीची गोष्ट. पासवर्ड जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. मी तिला मेलचं पान बंद करायला लावलं आणि साइटचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जायला सांगितलं. पहिलं काम, पासवर्ड बदलणं: नवा, लांब, कुठेच न वापरलेला. दुसरं, सुरक्षेच्या पानावर जाऊन बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून खातं साइन आउट करणं. तिथे तिचा नसलेला एक कॉम्प्युटर दिसत होताच. तिसरं, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल पत्ता आपलाच आहे ना, हे बघणं.

चौथं काम बहुतेक जण विसरतात. मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासायचे. मावशीच्या खात्यात एक नवा फिल्टर सापडला: बँकेकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात टाकणारा. म्हणजे पुढची चाल बँकेवर होती आणि इशारा तिच्या नजरेसच पडला नसता. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर तसाच राहतो. तो काढला, मग अनोळखी ॲपना दिलेल्या परवानग्या काढल्या, मग दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, सुरू केली. शेवटी तिला विचारलं, हाच पासवर्ड आणखी कुठे? तीन ठिकाणी निघाला. तिन्ही बदलले.

कार्डाचा नंबर किंवा बँकेचा कोड दिला गेला असेल तर हे सगळं नंतर. आधी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करा आणि व्यवहार अडवायला सांगा. पैसे गेले असतील तर इथे मिनिटं मोजली जातात. फाइल उघडली असेल किंवा कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल, तर इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, उपकरण तपासून घ्या, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून. ऑफिसचं मशीन असेल तर स्वतः काही दुरुस्त करत बसू नका, त्याच क्षणी सांगा. मूळ मेल, स्क्रीनशॉट, व्यवहाराचे क्रमांक जपून ठेवा. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार देताना तेच लागतात.

थोडी आधीची तयारी

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं आणि भरून देणारं ॲप, वापरायला लागा. लक्षात ठेवायचा त्रास वाचतोच, पण मला त्याचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं: तो साइटचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. बनावट साइटवर तो पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हातानं टाकू नका, पत्ता वाचा.

फोनवर येणारा कोड उपयोगी आहे, पण बनावट पान तोही तुमच्याकडून मागून घेतं आणि त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतं. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या, फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या डिजिटल किल्लीचं, तसं होत नाही, ती ज्या साइटसाठी बनवली तिथेच चालते. तुमच्या मुख्य ईमेल खात्यासाठी पासकीची सोय असेल तर आधी तिथे सुरू करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलता येतात.

आणि ज्यांचे पैसे एकदा गेलेत त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आणखी एक मेल येऊ शकतो: "तुमची बुडालेली रक्कम आम्ही परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा." कधी तो वकिलाच्या नावानं असतो, कधी तपास यंत्रणेच्या. तुम्ही एकदा पैसे दिलेत हे त्याला ठाऊक असतं, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्या मेललाही उत्तर देऊ नका. तक्रार जिथे नोंदवली होती तिथे जुन्याच नंबरवर फोन करा आणि हा मेल तुम्हीच पाठवला का, ते विचारा.